उशीर इल्ला

परवा वर्तमानपत्राचा एक पोरगा आला होता, सिद्राय.
कौलांच्या ढिगावर बसला, वही उघडली,
लहानपणी कसे होते हो सर?
म्हटलं, हडकुळा होता. शेंगा चोरायचा.
आणि चहा ठेवला.

त्याला काय सांगू, खानापुरात मलप्रभेच्या काठाला
कारखान्याच्या भट्टीला पाठ लावून आपण दोघं झोपायचो ते?
अप्पा रातपाळीला जाळ घालायचे.
भट्टीच्या भिंतीला बोटभर भोक होतं,
तिथं तुला उचलून धरायचे.
"माती आत गेली की परत माती होत नाही. बघून ठेव."
तू बघितलंस.
पापणीचे केस करपेपर्यंत बघितलंस.

त्याच भट्टीच्या तोंडाशी
डबक्यात बुडालेलं कोंबडीचं पिल्लू
मी फडक्यात गुंडाळून ठेवलं, सकाळी पुरू म्हणून.
मध्यरात्री फडकं हललं.
तू ओरडला नाहीस. नुसता हसलास.
ते हसू मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

मग आईचा ताप.
मठपती डॉक्टर सायकलवरून आले,
कंदील जवळ घेतला, मनगट धरलं, सोडलं,
अप्पांना हळू म्हणाले,
उसिरु इल्ला.

तुझं कानडी बाजारापुरतं.
इल्ला म्हणजे नाही, एवढं पक्कं ठाऊक,
आणि उसिरु तू ऐकलास उशीर.

उशीर नाही!
सात वर्षांचा तू, सगळ्यांच्या पायांतून पळालास,
अप्पांच्या दाढीच्या आरशाचा तुकडा आणलास,
तिच्या नाकाशी धरलास.
मी तुझ्या खांद्यावरून वाकलेली.
काच धुरकटली.
"अक्का, बघ की! डॉक्टर बोलले तेच!"

बायकांनी तुला काखेत धरून बाहेर नेलं.
काच तुझ्या मुठीत, मूठ रक्ताळलेली.

तो श्वास माझा होता.
आणि कानडी मला येत होतं.
दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या मला
आणि मी तोंड मिटून घेतलं.
त्या घरात तेवढंच काहीतरी उबदार उरलं होतं.

चितेकडे तू पाठ करून उभा राहिलास.
अप्पांशी नंतर कधी धड बोलला नाहीस,
जिवंत माणूस जाळलं म्हणून.

पुढचं वर्तमानपत्राला ठाऊक आहे.
स्कॉलरशिप, बेळगावचं कॉलेज, पदकं.
सायकलच्या डायनॅमोची तार बेडकाच्या मांडीला, ते नाही.
चुलीमागं तीन दिवस झाकून ठेवलेलं वटवाघूळ, ते नाही.
नववीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारखांची रांग,
प्रत्येक तारखेपुढं एकच शब्द
तुझ्या सुंदर अक्षरात:
उशीर.

आणि ती रात्र. कॅम्पात,
बर्फाच्या कारखान्यामागची तुझी खोली.
दोन वर्षांनी बोलावलं होतंस. मी भाकरी घेऊन आले.
बरणीत, रबरी नळ्यांच्या गुंत्यात, बोकडाचं हृदय.
(तू हृदय म्हणालास. मला काळीजच सुचतं.)
एकट्यानं उडत होतं ते,
अंगण नसलेल्या घरात पोर उड्या मारतं तसं.
"एकोणीस तास झाले, अक्का."
तू किती तास जेवला नव्हतास, ते मी विचारलं नाही.

ट्रंकेतून तू आईच्या खणाची पुरचुंडी काढलीस.
तोच तुकडा. कडेला पारा उडालेला.
बरणीच्या तोंडावर धरलास
आणि माझ्याकडं न बघता म्हणालास, ये, बघ.

मी वाकले. तोच खांदा, आता माझ्याहून उंच.
हीच वेळ होती.
उसिरु म्हणजे श्वास रे बाळा.
एवढंच वाक्य. त्यासाठी डॉक्टर लागत नाही.
ते नाही जमलं तर नाकातोंडावर पदर धरायचा,
तेवढं तरी.

बाहेर कुणी बर्फाच्या लाद्या फरफटत नेत होतं.

मी श्वास सोडला.